चार बदली आणि एक खुर्ची

रुबेन अंकल कुणीही आलं की उठून उभे राहायचे. डॉक्टर आला, रब्बी म्हणजे आमचा धर्मगुरू आला, तर आपण सगळेच उठतो. पण अंकल झाडूवाली आली तरी उठायचे, पोस्टमन आला तरी उठायचे. एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते, तेव्हा लेआ आंटी मीठ आणायला उठल्या म्हणून हेही उठले आणि त्या परत येईपर्यंत ताटाशेजारी उभे राहिले. आंटी म्हणाल्या, "बघितलंस? चाळीस वर्षं माझ्या मिठाला सलाम करतोय हा माणूस." त्या उठण्यात आदर कमी आणि सवय जास्त होती. खुर्ची आपली नाही, तिचा मालक आत्ता येईल आणि तो आला की आपण हलायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

मी तेव्हा इस्रायलमधल्या डिमोना गावच्या मतनासमध्ये ग्रंथपाल होते. मतनास म्हणजे गावाचं सांस्कृतिक केंद्र. ज्युदोचा वर्ग, आज्ज्यांचं गाणं आणि माझं ग्रंथालय, अशा एकमेकांना न मानवणाऱ्या तीन गोष्टी तिथे एकाच छपराखाली नांदत होत्या. अंकल दारावर शोमेर, म्हणजे राखणदार होते. पावाच्या दुकानापासून लग्नाच्या हॉलपर्यंत प्रत्येक दारात माणूस बसवायचे ते दिवस. ठेकेदाराने दिलेला युनिफॉर्म त्यांना दोन मापांनी मोठा होता. बॅग तपासताना ते भर दुपारीही आत टॉर्च मारायचे आणि निकाल जाहीर करायचे, "बॉम्ब नाय. पण बाय, वांगं करपलंय तुझं." मी चिडायचे, कारण वांगं खरंच करपलेलं असायचं.

माझं मराठी आईने रागावून रागावून टिकवलेलं. ठाण्याहून आले तेव्हा मी बारा वर्षांची होते. अंकलचं मराठी मात्र भायखळा सोडला त्या दिवशी होतं तिथेच थांबलेलं. त्यात 'फर्स्ट क्लास' होतं, 'ड्यूटी' होती, 'मंजे' होतं, आणि हिब्रू होती ती फक्त सरकार, दवाखाना आणि शिव्यांपुरती.

दर गुरुवारी चार वाजता माझ्या वाचनकक्षात पत्त्यांचा अड्डा भरायचा. हे साधे पत्ते नव्हेत. राक्षस, जादूगार, उडते साप असली चित्रं असलेली, दुकानातून बंद पाकिटात विकत घ्यायची आणि एकमेकांत अदलाबदल करायची पानं. खेळणारे चांगले घोडे होते. वादिम हा मिनरल कारखान्यातला रशियन इंजिनियर, ओर्ली पोस्टातली कारकून, निस्सिम तिशीतला इलेक्ट्रिशियन. पानांवरचा सगळा मजकूर इंग्रजीत आणि तिघांचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे दर पाच मिनिटांनी भांडण. एकदा ओर्लीचा आवाज ज्युदोच्या वर्गापर्यंत पोचला तेव्हा मी घरी निघालेल्या अंकलना म्हटलं, "जरा यांना गप्प करा हो."

अंकल आत गेले. भांडणाच्या मुळाशी असलेलं पान त्यांनी उचललं, हात लांब करून डोळ्यांपासून दूर धरलं, आणि मिशनच्या शाळेत बाईंनी उभं करून वाचायला लावावं तसं पायाला पाय जुळवून खणखणीत वाचलं. मग हिब्रूत अर्थ सांगितला. ओर्ली चूक निघाली. तिने पान आपटलं, पण गप्प बसली.

त्या दिवसापासून "रुबेन!" अशी हाक सुरू झाली. त्यांची ड्यूटी चारला संपायची. तरी ते सातपर्यंत थांबायचे आणि पानं वाचून द्यायचे. दोन महिने उभ्याने. बसा असं कुणी म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही म्हटलं. ते उभे आहेत हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही.

दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःचा गठ्ठा बांधला.

इथे खेळाबद्दल चार ओळी सांगते. प्रत्येकाने साठ पानांचा गठ्ठा घरून बांधून आणायचा. त्यातली वीस-चोवीस पानं नुसती ताकद देणारी. लाल पान लाल ताकद देतं, निळं निळी. आणि राक्षस, जादूगार वगैरे मंडळी आपापल्या रंगाची ताकद मिळाल्याशिवाय मैदानात पाऊल टाकत नाहीत. हातात निळा जादूगार आणि समोर नुसती लाल पानं, की बसा बोंबलत. म्हणून काही पानं अशी केलेली की त्यांच्याकडून दोन रंगांपैकी हवा तो घ्यावा. मात्र फुकट नाही. असं पान मांडलं की त्या पाळीला ते नुसतं आडवं पडून राहतं. कामाला लागतं ते पुढच्या पाळीपासून.

हे पान अंकलनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथेच होते. ते दोनदा वाचून माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अगं बाय, हा तर बदली!"

त्यांचे वडील लालबागच्या गिरणीत बदली कामगार होते. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी घ्यायचा तो बदली. रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर आत, नाहीतर घरी. हातात बदलीचं कार्ड. "सगळ्या खात्यांत चालायचा माझा बाप," अंकल म्हणाले, "स्पिनिंग, वीव्हिंग, कुठं पण घाल. म्हणून तर त्याला कायम नाय केला. जो सगळीकडं चालतो त्याला एका जागी कोण बसवणार?" बावीस वर्षं ते गेटवर उभे राहिले. मग रुबेन डिमोनाला आले, इथल्या कापड गिरणीत लागले, आणि तिथेही सगळी यंत्रं चालवता यायला लागली म्हणून जो गैरहजर त्याच्या यंत्रावर त्यांची रवानगी. गिरणी बंद पडली त्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या यंत्राला हात लावून निरोप घेतला. अंकलना कशाला हात लावावा ते कळेना. हे त्यांनी हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

तर ताकदीच्या पानांना अंकल कामगार म्हणू लागले आणि अख्खा गठ्ठा त्यांची गिरणी झाला. "आज लाल खात्यात तिघं गैरहजर," असं म्हणत ते पानं लावायचे. प्रश्न एकच होता: गिरणीत बदली किती घ्यायचे? वादिमचं म्हणणं, जमतील तेवढे. हवा तो रंग हवा तेव्हा मिळतो, याहून चांगलं काय? ओर्लीचं म्हणणं, एकही नको. थांबायला माझ्याकडे वेळ नाही. पोस्टाच्या खिडकीवर लोकांना दिवसभर थांबवणाऱ्या बाईने हे म्हणावं.

अंकलनी पहिल्या गठ्ठ्यात बारा बदली घातले आणि ओळीने हरत सुटले. पहिली पाळी पान आडवं, दुसरी पाळी पान आडवं, आणि तोवर ओर्लीचा उडता साप त्यांच्या डोक्यावर. मी विचारलं, "अंकल, दिसतंय ना जास्त होताहेत, मग काढत का नाही?" त्यांनी बदलींची बाराही पानं हातात सरळ केली. मग म्हणाले, "बाहेर कुणाला ठेवू गं?"

मला तेव्हा ते खुळचट वाटलं. छापील पुठ्ठ्याचे तुकडे ते! पण त्या माणसाने लहानपणी शाळेत जाताना रोज गेटबाहेर उभा असलेला बाप पाहिला होता. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, हे बोट आता त्यांचं झालं होतं, आणि ते उचलवत नव्हतं.

पण अंकल नुसते हळवे नव्हते, हट्टीही होते. त्यांनी एक वही घातली आणि ठरवलं की शंभर डाव खेळून पाहायचे. बदली नसलेले पंचवीस, चार बदलींचे पंचवीस, आठांचे, बारांचे. समोर खेळायला कोण? एस्तेरबाय, म्हणजे मी. माझी दुपारच्या कॉफीची वीस मिनिटं त्या वहीत गेली. डावागणिक ते लिहायचे: बदली कुठे कामाला आला, कुठे आडवा आला. वाळूचं वादळ होतं त्या आठवड्यात ग्रंथालय बंद ठेवायचा हुकूम आला, तर हे माझ्या घरी दारात. टोपी काढून झटकली, खाली लहानशी टेकडी झाली, आणि म्हणाले, "एकोणचाळिसावा." मी माझ्या नवऱ्यासाठी इतकी कधी अडकून पडले नाही.

त्या शंभर डावांतून त्यांच्या हाती जे लागलं ते वादिमलाही सुचलं नव्हतं. नुकसान बदली किती आहेत यावर कमी आणि तो केव्हा येतो यावर जास्त ठरत होतं. पहिल्या पाळीला तसंही कुठलं यंत्र चालू नसतं. तेव्हाच बदलीला आत घ्या, आडवा पडू द्या, कुणाचं काही अडत नाही. दुसऱ्या पाळीला तो हजर. तोच जर ऐन घाईच्या पाळीला आला, तर त्याच्याइतका निरुपयोगी कुणी नाही. आणि पहिल्या पाळीला मिळावा म्हणून बारा ठेवले, तर उरलेले सगळे घाईच्याच वेळी येणार. दोन रंगांच्या गठ्ठ्याला चार बदली. कमी नाही, जास्त नाही.

वादिमला हे पटवताना त्यांनी मलिद्याचा दाखला दिला. मलिदा म्हणजे आमच्या मराठी ज्यू लोकांचा, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मांडायचा प्रसाद. ताटात गोड पोहे, खोबरं आणि पाच फळं. अंकलची आई डिमोनात आली त्या पहिल्या वर्षी चार फळं मिळाली, पाचवं काही केल्या मिळेना. तेव्हा तिने त्या जागी गाजर ठेवलं. रुबेन घाबरले, नबी रागावेल. आई म्हणाली, "एका जागी गाजर चालतं. पाचही जागी गाजरं ठेवली तर नबी म्हणेल, ही बाई भाजी विकायला बसलीय." हे अंकलनी वादिमला हिब्रूत साग्रसंगीत सांगितलं. वादिमने विचारलं, "कुठला नबी?" पण पुढच्या गुरुवारी त्याच्या गठ्ठ्यातून पाच बदली कमी झालेले मी पाहिले.

काढलेले आठ बदली अंकलनी इतर फालतू पानांत टाकले नाहीत. लेआ आंटींचा मसाल्याचा एक रिकामा डबा मागून घेतला आणि त्यात ठेवले. त्या पानांना शेवटपर्यंत जिऱ्याचा वास यायचा.

आता अंकल खेळत होते खरे, पण कसे? जो गैरहजर त्याच्या खुर्चीवर. तो आला की हे उठणार, हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभे राहणार. तेवढ्यात जवळच्या बेरशेबा शहरातल्या स्पर्धेचं ठरलं. तिघांचा संघ, आणि हवा असला तर चौथा राखीव. वादिम, ओर्ली, निस्सिम. चौथं नाव कुणाचं हे विचारायची गरजच नव्हती.

स्पर्धेला तीन आठवडे असताना निस्सिमला मिलुइमचं बोलावणं आलं, म्हणजे राखीव सैनिकाची हजेरी. वादिमने कागदावरचं नाव खोडत म्हटलं, "रुबेन, त्याच्या बदली तू."

अंकल उभेच होते. म्हणाले, "नाही."

मी पुस्तकांवर शिक्के मारत होते, माझा हात थांबला. अंकलनी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते हिब्रूत, सावकाश, वादिमच्या डोळ्यांत बघत बोलले. "कुणाच्या बदली नाही. माझं नाव घालायचं तर तिसरा म्हणून घाल. निस्सिम परत आला तर तो राखीव. चालत असेल तर आत्ता हो म्हण, नाहीतर दुसरा बघ."

"बेसेदेर, बेसेदेर," वादिम म्हणाला. ठीक आहे, ठीक आहे. आपल्याकडे लग्नाच्या याद्या करताना म्हणतात तसं, ऐकून न ऐकल्यासारखं.

अंकलनी ते ऐकलं होतं आणि धरून ठेवलं होतं. ते तीन आठवडे रोज सराव चालला. लेआ आंटी मला म्हणाल्या, "नवस बोललाय. एकदा आपल्या खुर्चीवर बसून पुरा डाव खेळलो की मलिदा करीन. जिंकलो की नाय, बसलो की! असला नवस कुणी बोलतं का गं?"

स्पर्धा शुक्रवारी सकाळी होती. मी बरोबर गेले, लेआ आंटींच्या पुऱ्यांचा डबा घेऊन. मला पत्त्यांत काही रस नव्हता असं मी सगळ्यांना सांगितलं. अंकल युनिफॉर्मऐवजी लग्नाचा कोट घालून आले होते. बेरशेबाच्या त्या हॉलमध्ये नावं नोंदवून झाली, टेबलं लागली, तीन खुर्च्या. अंकल तिसऱ्या खुर्चीवर बसले. कोटाचं बटण सोडलं. आणि दारातून निस्सिम आला.

लष्करी कपडे, खांद्यावर बंदूक, बुटांवर पांढरी धूळ. बारा तासांची सुट्टी मिळवली होती आणि पहाटेपासून गाड्यांना हात करत पोचला होता. ओर्लीने त्याला मिठीच मारली. पंच म्हणाला, पहिली फेरी सुरू होईपर्यंत संघ बदलता येईल. वादिमच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद स्पष्ट दिसत होता. निस्सिम आमच्यातला सर्वांत चांगला खेळाडू होता. तो अंकलना म्हणाला, "रुबेन, शाबास, जागा गरम ठेवलीस."

अंकलचे दोन्ही हात टेबलावर टेकले. गुडघे हलले. मी ते पाहिलं. ते अर्धे उठलेच होते.

या देशात युनिफॉर्ममधल्या थकलेल्या माणसासाठी कुणीही जागा सोडतं. बसमध्ये सोडतं, रांगेत सोडतं. मलाही तेच वाटलं. मी मराठीत म्हटलंसुद्धा, "अंकल, बिचारा ड्यूटीवरून आलाय. बसू द्या ना त्याला." हे वाक्य मला अजून टोचतं.

ते परत खाली बसले. आधी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एस्तेरबाय, माझा बाप बावीस वर्षं उठला. मी पस्तीस वर्षं उठलो. आज नाय उठायचं." मग वादिमला हिब्रूत एवढंच, "तू हो म्हणाला होतास."

वादिम लाल झाला. काही बोलणार तोच निस्सिमने बंदूक खांद्यावर सारखी केली, मागची एक मोकळी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे हात पसरून म्हणाला, "पुरी आहे का?" भला माणूस. अकरा पुऱ्या खाल्ल्या त्याने.

अंकल त्या दिवशी दोन डाव जिंकले आणि दोन हरले. शेवटच्या फेरीत वादिम जिंकला होता, ओर्ली हरली होती, सगळं अंकलच्या टेबलावर येऊन थांबलं. पहिल्या पाळीला त्यांनी शिस्तीत बदली आत घेतला. डाव लांबला. हातात निळा जादूगार होता, मैदानात एक निळी ताकद कमी होती, आणि अगदी शेवटच्या पाळीला त्यांनी पान ओढलं तर ते आलं बदलीचं. आडवं. कामाचं होतं ते पुढच्या पाळीला, आणि पुढची पाळी नव्हती.

समोरच्याशी हात मिळवून अंकलनी वही काढली. वादिम म्हणाला, "एखादा कमी हवा होता." ओर्ली म्हणाली, "सगळेच." अंकल लिहीत होते. मी मान वाकवून वाचलं: बदली चार. बरोबर. एका डावासाठी शंभर डावांचा हिशेब मोडायला ते तयार नव्हते. आणि संपूर्ण डाव ते एकदाही खुर्चीवरून हलले नव्हते. पुढच्या आठवड्यात लेआ आंटींनी मलिदा केला. पाचही फळं होती. वादिम आला होता, आणि नबीबद्दल त्याने पुष्कळ प्रश्न विचारले.

ठेकेदाराची पद्धत अशी की नऊ महिने भरायच्या आत राखणदार बदलायचा, म्हणजे त्याला कायम करायचा प्रश्न येत नाही. अंकलना ते माहीत होतं. आठव्या महिन्याच्या शेवटी त्यांनी युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून परत केला. मला फार राग आला, मी संचालकांशी भांडलेही. काही उपयोग झाला नाही. पण पुढच्या गुरुवारी चार वाजता अंकल दारात हजर. नव्या राखणदाराने त्यांना हटकलं, कुणाला भेटायचंय? अंकलनी स्वतःच बॅग उघडून त्याच्यासमोर धरली आणि म्हणाले, "कुणाला नाही. मी इथं खेळतो." मग टॉर्च कसा धरायचा तेही त्याला शिकवलं.

दीड वर्षाने माझी रामल्याला नेमणूक झाली. शेवटचा दिवस नेमका गुरुवार होता. पुस्तकांची खोकी बाहेर नेऊन झाली, सगळ्यांचे निरोप झाले, आणि मी वाचनकक्षाच्या दाराशी आले. टेबलाभोवती आता चार खुर्च्या कायमच्या झाल्या होत्या. अंकलची पाळी चालू होती. मी म्हटलं, "अंकल, निघते हं मी."

त्यांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले. त्यांनी पानं धरलेला हात वर केला आणि म्हणाले, "जा बाय, नीट जा. सांभाळून. माझा डाव चालू आहे."

त्यानंतर ते मला दिसले नाहीत. दोन वर्षांनी गेले ते. पण मला आठवतात ते त्या दारातून दिसलेले. मी जाईपर्यंत हात हलवत राहिले, आणि उठले नाहीत.